उशीएवढी पोकळी

कुरडयांचा डबा मी दिवाणाच्या पोटात ठेवला आणि डब्याबरोबर फळीवरची त्याची जागाही आत गेली. फळी तेवढी आखूड झाली.

दिवाण अप्पांनी, आमच्या वडिलांनी, स्वतः रंधा मारून केलेला. सागवानी, आत सामानाची पेटी असलेला. अप्पा गेल्यापासून मी त्यावर झोपते. हेमंतला, माझ्या धाकट्या भावाला, तो रॉटरडॅमला हवा होता. आठवण म्हणून. मला विचारलं नाही, थेट पॅकरच दारात पाठवला. तरी डबा मीच ठेवला. शेजारणीची वाटी आपण रिकामी परत करत नाही, मग दिवाण रिकामा कसा पाठवायचा? हात सवयीनं गेला.

पॅकरचं नाव घोरपडे. त्यानं टेप लावून दिवाण पुन्हा मोजला. बाहेरून माप तेवढंच होतं.

"ताई, जहाजाचं भाडं जागेवर लागतं, वजनावर नाही," तो म्हणाला. "आणि आत पोकळी राहिली की माल आदळून फुटतो. भरा अजून."

हेमंत व्हिडिओ कॉलवर होता. त्यानं आपलं स्वयंपाकघर दाखवलं. "बघ, इकडे फळी लांब झाली. घाल, अक्का, घाल. परकेपणा करू नकोस."

मी हात आवरला. घोरपडेनं आवरला नाही. त्यानं पातेली भरली, तसा ओटा भिंतीत गेला. शिलाई मशीन भरलं, खिडकी गेली. प्रत्येक वस्तूला तो बबल रॅप गुंडाळायचा, कोपऱ्यांना पुठ्ठा लावायचा, मधे ओल शोषायच्या पुड्या टाकायचा. कामाला नाव ठेवायची सोय नव्हती. भिंती माझ्या कोपरांना लागल्या.

"मी झोपू कुठं?" मी हेमंतला विचारलं.

"तुझं एकटीचं काय गं. आडवं व्हायला कितीशी जागा लागते?"

"मग मलाही घाला आत."

"माणूस चालत नाही," घोरपडे म्हणाला. "कस्टममध्ये सगळंच अडकतं."

"आणि इकडं येऊन राहशील कुठं?" हेमंत म्हणाला. त्याचा हॉल एव्हाना इतका लांबला होता की पलीकडच्या टोकाला बसलेली त्याची बायको अंगठ्याएवढी दिसत होती.

दिवाण आता घरात मावेना. घोरपडेच्या माणसांनी तो जिन्यात नेला. मग घोरपडेनं दरवाजा बिजागऱ्यांतून उचकटून आत सारला, भोवती औषध देऊन कीड मारलेल्या लाकडाची पेटी उभी केली, आणि झाकण हातात घेऊन थांबला.

"उशी द्या."

"नाही देत."

"एवढ्याशा पोकळीनं माल हलतो. पाय उचला, ताई."

मी उशीवर दोन्ही पाय रोवून उभी होते. घर तेवढंच उरलं होतं. त्यानं खाली वाकून उशी ओढली. अभ्रा टरकला, कापूस त्याच्या मिशीला चिकटला. मी हलले नाही.

"फुटला तर माझ्या नावानं ओरडू नका," असं म्हणून त्यानं झाकण तसंच ठोकलं. माणसांनी पेटी खाली नेली. ट्रक गेला.

फोन माझ्या हातात होता. हेमंत नव्या हॉलमधून अनवाणी फिरत होता, खुशीत, मलाच माझं घर दाखवत. मधेच थांबला.

"अक्का, फरशीत हे भोक कसलं?"

"केवढं आहे?"

"उशीएवढं. खोल दिसतंय. थांब, पायानं बघतो."

मी वर पाहिलं. डोक्यावर उशीएवढा उजेड होता आणि त्यातून एक गुबगुबीत पाय चाचपत खाली येत होता. फोन ठेवायला कुठंच जागा नव्हती. मी तो सोडून दिला आणि दोन्ही हातांनी हेमंतचा घोटा धरला.