मागच्या चाकाचा आवाज

भावेशने गाडीची उंची कमी करून घेतली तेव्हा त्याची आई गीताबाई एवढंच म्हणाली, "आता हिच्यात बसायचं का लोळायचं रे?" कल्याणच्या एका गॅरेजात त्याने स्प्रिंगा कापून घेतल्या होत्या, रुंद टायर बसवले होते. मुरबाडच्या नाक्यावर पोरं गाडीचे फोटो काढत.

त्या रविवारी शहापूरला त्याच्या बहिणीच्या, अनिताच्या बाळाचं बारसं होतं. पुढे भावेश आणि त्याची बायको रुचिता, मागे गीताबाई, आणि लेकीसाठी तांदळाची दोन पोती. भाराने मागची चाकं मडगार्डात शिरलेली रुचिताने निघतानाच पाहिली.

"एक पोतं राहू द्या," ती म्हणाली. भावेशने ऐकलं नाही.

सरळगाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला आणि त्याने वेग वाढवला. खड्डा आला की मागून खर्रकन आवाज येई. मग तो वळणावरही येऊ लागला.

"अवो, काय घासतंय?" रुचिताने विचारलं.

"टायर नवे हायत. घासून घासून जागा करून घेतात."

त्याने गाणी मोठी केली. शॉकअपला दबायला जागाच उरली नव्हती. प्रत्येक दणका गीताबाईच्या मणक्यात जात होता. किन्हवलीच्या अलीकडे जळक्या रबराचा वास आत आला.

"थांबव रे. मला मळमळतंय."

गीताबाई उतरून मोरीच्या कठड्यावर बसली. रुचिताने चाकाशी वाकून पाहिलं. टायरची कड सोलली होती, आतले दोरे दिसत होते.

"फुटंल हा," ती म्हणाली.

भावेश वाकला. मग हात झटकत म्हणाला, "भार जास्त झालाय, बाकी काय नाय. थांबा, दाखवतो."

त्याने दोन्ही पोती रस्त्याकडेला उतरवली.

"नको जाऊस," गीताबाई म्हणाली. "मी नाय बसायची आता हिच्यात."

"बसू नको. नुसती बघ."

गाडी वळणाआड गेली. बराच वेळ काही ऐकू येईना. रुचिता पोत्याजवळ उभी राहिली. मग इंजिनाचा आवाज परत येऊ लागला, चढत, जवळ जवळ. गाडी भरधाव वळणातून बाहेर आली. घासत नव्हती. क्षणभर रुचिताला वाटलं, त्याचंच खरं.

मोरीच्या अलीकडे रस्ता खचला होता. गाडी तिथे खाली बसली आणि टायर फुटला. ती आडवी फिरली, बांध ओलांडून शेतात गेली आणि ऐनाच्या झाडावर आदळली.

रुचिता धावली.

मागून आलेल्या जीपमधल्या माणसांनी पत्रा वाकवून भावेशला बाहेर काढलं. तो शुद्धीवर होता. पायाकडे बघत नव्हता. तो जगला, पण त्या पायाचा गुडघा पुढे कधी वाकला नाही.

जीप त्याला आणि रुचिताला घेऊन शहापूरकडे गेली. गीताबाई पोत्यांपाशी राहिली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. अनिता होती.

"आई, कुठवर आलात गो? बाया खोळंबल्यात."

गीताबाईने शेताकडे पाहिलं.

"वाटेत हाव," ती म्हणाली. "तुमी उरकून घ्या."