पाठीपर्यंत फिरणारं झाकण

तार्हेलियाने हिरव्या गोलावर बोट दाबलं. काही झालं नाही. दुसरं दाबलं, मग तिसरं. पडद्यावर लेकीचं, नूबेचं नाव थरथरत होतं, लॅपटॉप केकाटत होता आणि तिची दहा बोटं एकामागून एक जाऊन रिकामी परत येत होती. शेवटी तिने गवत भिजवायच्या भांड्यात बोट बुडवलं आणि टेकवलं. थेंब काचेवरून ओघळला, तसा पडदा अंगात आल्यासारखा डावीउजवीकडे पळायला लागला, मधेच तिच्याच नाकपुड्यांचा फोटो निघाला आणि रिंग बंद पडली.

"मेल्या," ती लॅपटॉपला म्हणाली, "सगळं सिगसिग गाव या बोटांना ओळखतं. तुला कसली मस्ती आलीय?"

दारात एतेल्विना गवताची टोपी विणत बसली होती. नूबेला बाप्तिस्म्याला मांडीवर घेतलेली ही बाई. तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत आणि तेव्हापासूनच भांडत. तिने मान वर केली नाही.

"नाक टेकव. माझी नणंद नाकानंच उचलते."

"तुझ्या नणंदेचं नाक आहेच तेवढं."

पुन्हा रिंग वाजली. तार्हेलियाने एतेल्विनाकडे पाठ केली, वाकली आणि फोन उचलला. कशाने उचलला ते तिने सांगितलं नाही.

लॅपटॉप येऊन पाच महिने झाले होते. नूबेने एकसारखे दोन घेतले, एक स्वतःला आणि एक आईला. खालच्या आळीतल्या बाईचा जावई न्यूयॉर्कहून येताना स्वेटरांत गुंडाळून घेऊन आला. चर्चमधल्या प्रार्थनेच्या पुस्तकाएवढा जीव, पण त्याचं झाकण नुसतं उघडत नसे. मागे, आणखी मागे, पार पाठीला पाठ लागेपर्यंत फिरत असे. तसं केलं की पाटीसारखा हातात धरावा, मधेच थांबवला तर तंबूसारखा टेबलावर उभा करावा. तार्हेलियाला ती बिजागरी फार आवडली. कुठे ढिलं नाही, कुठे कचकत नाही. असं काम करणारा माणूस टोपीही बरी विणेल, असं तिला वाटलं, आणि हे तिने आजवर फार थोड्यांबद्दल म्हटलं होतं. कुमारी मातेच्या तसबिरीवरचा भरतकामाचा रुमाल काढून तिने लॅपटॉपवर घातला. मातेने काही तक्रार केली नाही.

एतेल्विनाच्या मुलाने भिंतभर टीव्ही पाठवला होता. "त्यातून तो तुला बघतो का?" असं तार्हेलियाने एकदाच विचारलं आणि तो विषय कायमचा मिटला.

लॅपटॉपला खोडी होत्याच. अंगणात नेला तर स्वतःच्या सुरकुत्यांशिवाय काही दिसायचं नाही. उचलताना कलला की नूबे आडवी व्हायची, आणि सरळ करेपर्यंत भलत्याच बाजूला आडवी. शिवाय बोटांचा प्रश्न होता. पन्नास वर्षं टोपीचं गवत ओढून तिच्या बोटांची टोकं नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत आणि टणक झाली होती. काचेच्या लेखी ते लाकूडच होतं.

याचा एक फायदाही होता, पण तो तिने कुणाला सांगितला नव्हता. नूबे समोर जेवत असली किंवा कपड्यांच्या घड्या करत असली की तार्हेलिया हळूच तिच्या गालावर बोट ठेवायची. गालावरून कानापर्यंत न्यायची, तिथली बट मागे सारायची. काचेला कळायचं नाही. नूबेलाही नाही.

पंधरा वर्षं झाली होती. एकोणीस वर्षांची पोर दोन फ्रॉक आणि एक पिशवी घेऊन न्यूयॉर्कला गेली. कागद नसलेल्या माणसाला त्या देशातून बाहेर पडता येतं, परत आत शिरता येत नाही. म्हणून नूबे येऊ शकत नव्हती. आई मात्र व्हिसा काढून जाऊ शकत होती. आळीतल्या चार आया जाऊन आल्या होत्या आणि बर्फाबद्दल बोलून बोलून त्यांनी कान किटवले होते. तार्हेलियाने दोन वर्षं रोज तेच लावून धरलं, तेव्हा कुठे नूबेने अर्ज भरला.

"ऑगस्टच्या सत्तावीसला ग्वायाकीलला, व्हिसाच्या कचेरीत जायचंय, आई," नूबे म्हणाली होती. "इथं तुझ्यासाठी खोली आहे. वेगळी."

"वेगळी कशाला? तुझ्याजवळ निजेन."

"वेगळी आहे, आई." मग तिनेच काढलं, "पण कचेरीत दहाही बोटांचे ठसे घेतात. गवत विणणाऱ्या बायकांचे उठत नाहीत म्हणे. आमचा कागद भरणारा सांगत होता, दोघींना तसंच परत पाठवलं."

लॅपटॉपच्या बटणांशेजारी नखाएवढा चकचकीत चौकोन होता. त्यावर अंगठा टेकवला की मालकाला ओळखून तो उघडतो, म्हणे. पहिल्याच आठवड्यात नूबेने आईचा अंगठा त्याला शिकवून बघितला होता. पडद्यावर रेघांचं वर्तुळ यायचं, ते भरायचं असायचं; ते कधी भरलंच नाही. म्हणून तार्हेलिया चार आकडे दाबून आत शिरायची, परक्या घरात शिरावं तशी. आता तिने ठरवून टाकलं: ज्या दिवशी हे यंत्र अंगठा घेईल, त्या दिवशी कचेरीही घेईल.

तिने विणणं बंद केलं.

सिगसिगमध्ये बाई चालताना विणते, बस येईपर्यंत विणते, मयताला बसली तरी विणते. रिकाम्या हाताची बाई एक तर आजारी, नाहीतर नगराध्यक्षाची बायको. दोन दिवसांत पाद्रीबाबांची स्वयंपाकीण काढा घेऊन आली. "पोटाचं आहे की मनाचं?" तिने विचारलं. तार्हेलियाने काढा ठेवून घेतला आणि तिला वाटेला लावलं.

अर्धी टोपी वाळून मोडू नये म्हणून तिने ओल्या फडक्यात बांधून एतेल्विनाकडे दिली.

"रोज पाणी शिंपड. माझ्या विणीत हात घालशील तर बघ."

"तुझ्या विणीत हात घालायला मला परत जन्म घ्यावा लागेल, कोमाद्रे."

"लागेलच."

झोपताना ती बोटांना डुकराची चरबी चोळून हातात मोजे घालायची. सकाळी उठून, तोंड धुण्याआधी, अंगठा चौकोनावर. यंत्र नाही म्हणायचं. नूबेचा दर रविवारी तोच प्रश्न असायचा, "अंगठा घेतला का गं त्यानं?" आणि तार्हेलिया म्हणायची, "घेईल, घेईल. त्याचा बाप घेईल."

तिसऱ्या आठवड्यात टोकांची सालं निघाली. खाली गुलाबी, भाजलेल्यासारखी नवी कातडी होती. भांडं धरलं तरी झोंबायची. त्या रविवारी नूबे केस विंचरत बोलत होती आणि तार्हेलियाचं बोट नेहमीसारखं तिच्या गालाकडे गेलं. या खेपेला काचेला कळलं. नूबेचा चेहरा एकदम मोठा झाला, इतका की नुसता एक डोळा उरला; तिने घाईने बोट सरकवलं, तसं ते फोन ठेवायच्या लाल गोलावर गेलं, आणि पडदा काळा. तिने हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. त्यानंतर नूबे समोर असली की ती हात मांडीखाली दाबून बसायला लागली.

आणि गुरुवारी वर्तुळ भरलं.

रेघ रेघ करून भरलं, आणि लॅपटॉप आपण होऊन उघडला. तिने मिटला, झाकण वर केलं, अंगठा टेकवला, पुन्हा उघडला. अकरा वेळा. एतेल्विनाला हाक मारून बोलावलं आणि बारावी वेळ तिच्यासमोर केली.

"मग फोन लाव की पोरीला," एतेल्विना म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला ती नाक शिंकरत होती.

"रविवारी. मला तिचं तोंड बघून सांगायचंय."

रविवारी जेवण झाल्यावर तार्हेलियाने केस धुऊन वेण्या घातल्या, सणाचे कानातले घातले, लॅपटॉप टेबलावर तंबूसारखा उभा केला. फोन पहिल्याच बोटाला उचलला गेला. नूबे दिसली. तिच्यामागे नेहमीचा निळ्या फुलांचा पडदा.

"अगं आई, एवढी नटलीस?"

"ऐक तर. तुला सांगायचंय—"

"एक मिनिट हं. मांडी भाजतेय याच्यानं. जरा उभा करते." नूबेने आपल्या लॅपटॉपचं झाकण धरलं आणि मागे फिरवलं.

झाकणावरच त्याचा डोळा होता. तो झाकणाबरोबर फिरला. तीन आकडे म्हणावेत एवढाच वेळ. छताला काळे पाइप. भर दुपारी पेटलेला पिवळा दिवा. दोरीला चिमट्यांनी अडकवलेली निळी फुलं, आणि त्यांच्या पलीकडे एकावर एक तीन खाटा. मधल्या खाटेवर कामाचे बूट घातलेला एक पुरुष डोळ्यांवर हात टाकून झोपलेला. वरच्यावर आणखी कुणाचे तरी पाय. खालच्या खाटेवर एक उशी होती. तिच्या अभ्र्यावरची लाल फुलं तार्हेलियाने स्वतः भरली होती, नूबे गेली त्या वर्षी.

मग पुन्हा निळा पडदा, पुन्हा नूबे. ती हसत नव्हती.

"आई? काही दिसलं का तुला?"

"काय दिसणार? काळं झालं होतं सगळं. एवढा मोठा देश तुमचा, आणि नेट आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यातलं."

नूबे खाली बघून दोन्ही हातांनी काहीतरी सारखं करत राहिली. मग म्हणाली, "अंगठा घेतला का गं त्यानं?"

दर रविवारी हेच विचारलं जायचं, ह्याच आवाजात. तो आवाज आतुरतेचा आहे असं तार्हेलिया धरून चालली होती. आज तिने आवाज बाजूला ठेवला आणि नुसतं बघितलं. एका काडीवरून विणणारीचा हात ओढत होता की सोडत होता, हे ओळखणारी बाई ती. नूबेची मान ताठ झाली होती. खांदे कानांपाशी आले होते. लहानपणी फुटलेली कपबशी फ्रॉकच्या घेराआड धरून उभी राहायची, तशी.

"कुठला घेतोय मेला," तार्हेलिया म्हणाली. "दगडच आहेत माझी बोटं."

नूबेचे खांदे खाली आले. सावकाश, पण आले.

"जाऊ दे, आई. जीवाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वर्षीची तारीख घेऊ."

"पुढच्या वर्षीची घे."

"तू सांगत होतीस ना काहीतरी?"

"मी? एतेल्विनाची डुकरीण व्यायली. सात पिल्लं."

मग नूबे बोलायला लागली. इतक्या महिन्यांत बोलली नव्हती एवढं. कामावरच्या बाईची नक्कल केली. इथल्यासारखे उकडलेले मक्याचे दाणे तिकडे एका दुकानात मिळतात, पण त्यांना चव नाही, हे सांगितलं. मधेच खळखळून हसली, आणि दातांमधली फट दिसली. तार्हेलिया हात मांडीखाली दाबून ऐकत राहिली. फोन ठेवायची वेळ झाली तेव्हा तिने विचारलं,

"माझ्या खोलीत ऊन कुठल्या बाजूनं येतं गं?"

नूबेने बट कानामागे सारली.

"उशाकडून. सकाळचं."

"मग खाट थोडी आत ओढून ठेव. तोंडावर ऊन आलं की मला झोप लागत नाही."

"ओढते, आई," नूबे म्हणाली, आणि मान वळवून त्या बाजूला बघत राहिली.