लिंबाची साक्ष

पहिल्या लिंबातून पाणी निघाले, दुसऱ्यातूनही पाणीच. तिसऱ्यातून मात्र रक्त निघाले, आणि अर्धवट बांधलेल्या शाळेसमोर जमलेली गर्दी दोन पावले मागे सरली.

"नाम निकल गया!" जटाधारी बाबा गरजला. पहिले लिंबू स्मशानातल्या भुताच्या नावाने कापले होते, दुसरे नदीतल्या हडळीच्या, आणि तिसरे चंपाबाईच्या.

सन १९६७चा उन्हाळा. बैहर रस्त्यावरच्या त्या लहान शहरात नगरपालिकेने बौद्ध वस्तीसाठी बांधायला घेतलेल्या शाळेची भिंत दोनदा कोसळली होती. दुसऱ्या खेपेस तिच्याखाली चंपाबाईच्या नातीचा, कमलेचा, पाय चिरडला. आणि आता शाळेला लागून राहणारी ही विधवाच टोनही, म्हणजे चेटकीण, ठरत होती.

"मी काहून पाडीन भिंत?" चंपाबाई ओरडली. "माह्या नातीचाच पाय मोडला ना तिच्याखाली!"

"टोनही पहले अपनों को ही खाती है, माई," बाबा म्हणाला. त्याच्याजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर होते. पुराव्याचे ओझे ज्याला वाहायचे नसते, त्याची जीभ हलकीच चालते.

नगरपालिकेचे अध्यक्ष बाबूलालजी हात जोडून उभे होते. "मी का करू, मायबाप? लोकाईची इच्छा! घर आत्ताच पाडू, जागा शुद्ध करू." सब्बल, म्हणजे लोखंडी पहारी, घेतलेली चार माणसे पुढे सरकली.

गर्दीत उभ्या असलेल्या शालिकराम गुरुजींना संताप बाबाचा आला नाही. त्याचा तो धंदाच होता. संताप आला तो आपल्या वस्तीचा. दीक्षा घेऊन देव सोडलेली ही माणसे भूत सोडायला तयार नव्हती! गुरुजी हायस्कुलात विज्ञान शिकवीत. पहिली दोन लिंबे बाबाने झोळीतल्या चाकूने कापली, तिसऱ्यासाठी मात्र कमरेचा चाकू उपसला, हे त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते.

"थांबा जरा," असे सब्बलवाल्यांना बजावून ते चंपाबाईच्या अंगणात गेले. परतले तेव्हा त्यांच्या हातात तिच्या घरातला चाकू होता.

"बाबाजी, एक लिंबू मले द्या. एक नाव राह्यलं आहे."

"किसका?"

"अध्यक्षजींचं."

बाबा नाही म्हणण्यापूर्वीच गुरुजींनी त्याच्यापुढचे लिंबू उचलून चिरले. लाल धार गुरुजींच्या मनगटावरून ओघळली. कोणीतरी फिसकन हसले आणि लगेच गप्प झाले.

"मास्तर, ही का मस्करी आहे?" बाबूलालजी गरजले.

"मस्करी कायची? तुमच्याच बाबाचा कायदा आहे. मी अंगणातलं जास्वंदीचं फूल या पात्यावर घासून वाळवलं. लिंबाचा आंबट रस लागला का थे लाल होते. आता कोणाचंही नाव घ्या, माह्या मायचं घ्या, रक्तच निघंल! बाबाजी, तुमचे दोन्ही चाकू द्या. चंपामावशीच्याच नावानं दोन लिंबं कापतो. झोळीतल्यानं पाणी निघंल, कमरेच्यानं रक्त."

"सिद्ध शस्त्र को पराया हाथ नहीं लगता!" असे म्हणत बाबा झोळी आवरू लागला.

"मंग भिंत कोनं पाडली, गुरुजी?" खेमराज नावाच्या सब्बलवाल्याने विचारले.

गुरुजींनी भिंतीच्या सांध्यात बोट घातले. भुरभुरीत वाळू सांडली. "शाळेच्याच ठेकेदारानं याच महिन्यात अध्यक्षजींच्या बंगल्याचा व्हरांडा बांधला. त्याले नख लावून पाह्य, नख मोडंल. टोनही शाळा खाते अन् बंगला सोडते, थे काहून?"

शाळेच्या नावावर रेल्वेने आलेल्या सिमेंटच्या बैलगाड्या भरदुपारी बंगल्याकडे वळल्या होत्या. त्या साऱ्यांनी पाहिल्या होत्या. वाट सोडून, बाजूला उभे राहून पाहिल्या होत्या. ठेकेदार अध्यक्षांचा मेहुणा होता.

बाबूलालजींनी घसा साफ केला. "चौकशी समिती नेमू. मेहुण्यालेच प्रमुख करतो. त्याले बांधकामातलं समजते."

आणि काही माना डोलल्यासुद्धा!

घर वाचले. सब्बल खांद्यावर टाकून माणसे निघाली. चंपाबाईकडे कोणी पाहिले नाही, चुकलो असेही कोणी म्हटले नाही. तिने पदराने तोंड पुसले.

"गुरुजी, यायनं गाड्या पाह्यल्या होत्या ना?"

"हौ, मावशी."

"मंग माह्यं घर खोदाले काहून आले?"

गुरुजींनी तिचा चाकू पुसून तिच्या हातात दिला.

जास्वंद आंबट रसाने लाल होते, हे कळायला शाळा लागते. पडलेल्या भिंतीला नख लावून पाहायला आणि डोळ्यांदेखत वळलेल्या गाडीला 'कुठे निघालीस?' म्हणून विचारायला शाळा लागत नाही. तेव्हा पुढच्या खेपेस भिंत पडली, तर बाबाकडे जाऊ नका. गाडीवानाला विचारा.