दुसऱ्यांदा आलेलं उत्तर

त्या दिवशी आभाळ पुसलेल्या काचेसारखं स्वच्छ होतं, ऊन कोवळं होतं, वारा मात्र अंगाला झोंबत होता. रंगारीबुवा गळ्यात मफलर गुंडाळून फेरी मारायला निघाले आणि नेहमीच्या वळणावरून, नेहमीसारखेच दमून परतले.

लेक घरीच होती. तिचं काम उपग्रहांच्या राखणीचं. वर फिरणाऱ्या यंत्राला खालून भलत्यानेच हुकूम देऊ नये, एवढंच बुवांना त्यातलं कळलं होतं. "एवढ्या वर चोर जातो तरी कसा, शिडी लावून?" असं ते विचारत, आणि ती हसून सांगे, "चोर खालीच असतो, बाबा. आमचाच खरा हुकूम टिपून ठेवतो आणि तोच पुन्हा वाजवतो. म्हणून एकदा येऊन गेलेला हुकूम परत आला, की कितीही खरा वाटो, उपग्रह तो ऐकत नाही."

हल्ली फोनवर कुणीही कुणाचा आवाज काढतं, म्हणून तिने घरातही एक खुणेचा प्रश्न ठरवला होता. बुवांना त्या खेळाची मोठी गंमत वाटे.

त्यांनी बेल वाजवली. दाराआडून लेकीने विचारलं, "आईला कुठला रंग खपत नव्हता?"

"पिस्ता. अख्खी भिंत खरवडायला लावली होती मला. उघड आता, पाय दुखतायत."

दार उघडलं नाही.

"उत्तर बरोबर आहे," ती म्हणाली. "पण ते मघाशीच येऊन गेलं."

पोरगी चेष्टा करतेय असं वाटून बुवा हसले. तेवढ्यात आतून खोकला आला. कोरडा, आधी अडखळून मग सुटणारा, खरवडलेल्या भिंतींच्या धुळीने त्यांना आयुष्यभरासाठी दिलेला. मग बशीवर कप टेकल्याचा आवाज.

"पोरी, मी आहे गं."

"माहीत आहे, बाबा." तिचा आवाज दाराच्या अगदी जवळ आला. "रागावू नका. बाहेर वारा आहे, कान झाकून घ्या."

त्यांनी कान झाकून घेतले. लेकीचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. दाराला हात टेकून ते उभे राहिले. या घराशिवाय जायचं तरी कुठे, हे काही केल्या सुचेना.

शेजारचं दार अलगद उघडलं.

"या काका, संकोच नका करू," शेजारीण मायेने म्हणाली. "काल आलेले तुम्हीसुद्धा अजून आमच्याकडेच बसलायत."