आधी लोंबून बघायचं

मेढ्याच्या वरच्या डोंगरावर सकाळपासून वारा दरीतून वर येत होता. काठीला बांधलेली लाल फीत एकसारखी माथ्याकडे फडफडत होती. अंकिताला हवा होता अगदी तसा वारा. दोन हिवाळे खालच्या बुटक्या उतारावर सराव केल्यावर आज ती पहिल्यांदाच माथ्यावरून हँग ग्लायडर घेऊन उडणार होती.

तिला हे शिकवलं होतं कृष्णातमामांनी. मामा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि उडणं तिथंच शिकले होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी भाचीला जवळ बसवून सांगितलं होतं, "उद्या मी कसलीही आठवण करून देणार नाही. ग्लायडरच्या नाकाजवळच्या तारा माझ्या हातात असतील. तुझं काही राहिलं असेल तर मी तारा सोडणार नाही. मग वरून उडायचं ते पुढच्या हिवाळ्यात."

मामा एकदा बोलले की बोलले, हे अंकिताला ठाऊक होतं.

कुपवाडहून टेम्पो भरून तिच्या घरची माणसं आली होती. तिची चुलत बहीण माया चौथीत होती. ती मामांच्या मागं मागं फिरून प्रत्येक वस्तूला हात लावून बघत होती.

"मामा, ही खोळ कसली?"

"हा हार्नेस. उडताना अंकिताताई यात पालथी झोपते. छातीवरच्या या पिशवीत जादाचं पॅराशूट आहे. ग्लायडर मोडलंच, तर हे ओढून फेकायचं. हेल्मेट तर तुला माहीत आहेच."

"आणि ही कडी?"

मामा गुडघ्यावर बसले. त्यांना हा प्रश्न आवडला. "ही सगळ्यांत महत्त्वाची. ग्लायडरच्या मधल्या दांड्याला एक पट्टा असतो. पाठीवरची ही कडी त्या पट्ट्यात अडकवली की माणूस ग्लायडरला टांगला जातो. नाही अडकवली, तर ग्लायडर उडतं आणि माणूस नुसत्या हातांवर लोंबत राहतो. हात किती वेळ टिकणार?"

"पर अडकवली न्हाई तर कळंल की!"

"नाही कळत, बाळ. उभं असताना पट्टा ढिलाच असतो. कडी अडकलेली असो नाहीतर नसो, अंगाला सारखंच वाटतं. म्हणून धावण्याआधी आडवं होऊन लोंबून बघायचं. बघ, ताई दाखवते."

अंकितानं कडी अडकवली आणि पाय उचलून ती आडवी झाली. पट्टा ताठ झाला. ती जमिनीपासून वीतभर वर पाळण्यासारखी झुलली. मायानं टाळ्या वाजवल्या. तयारी झाली होती.

तेवढ्यात धापा टाकत आप्पासो माथ्यावर पोचले. अंकिताच्या आजोबांचे हे भाऊ, भावकीतले सगळ्यांत थोरले. हातात नारळ, कुंकवाची डबी आणि काखेत भगवा फेटा.

"आवं पावणं, थांबा की! लेक निघाली आन् आमी अजून चढतूयाच! पैलवान फडात जाताना, जवान फौजंत जाताना आमी काय तसंच सोडतूय व्हय?"

थोरलं माणूस समोर आलं म्हटल्यावर पाया पडायला हवं, आणि ग्लायडर पाठीवर घेऊन वाकता येत नाही. अंकितानं पाठीमागं हात नेला, कडी सोडवली आणि बाहेर येऊन आप्पांच्या पायांना हात लावला. आप्पांनी कुंकू लावलं, हेल्मेट काढायला लावून फेटा बांधला.

"आता आशीच उड. लय झाक दिसतीस."

"आप्पा, वर शेमला सुटला आणि तारेत गुंतला तर?"

"तारंत गुतलं तर मी सोडवीन की!"

"हवेत येऊन?"

सगळे हसले. फोटो निघाले, नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. अंकितानं फेटा उतरवून आप्पांच्या हातात दिला, हेल्मेट घातलं आणि ग्लायडरखाली शिरून ते खांद्यावर उचललं.

मामांनी समोरून तारा धरल्या. तिथून त्यांना तिच्या पाठीमागं पट्टा दिसत होता. तो रिकामाच हलत होता.

 मामा एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं. पण मग ठरल्याप्रमाणे पोरीला न उडताच खाली उतरवावं लागलं असतं, एवढ्या माणसांसमोर. त्यांनी तारा आणखी घट्ट धरल्या.

"वारा झकास हाय, पळ गं!" आप्पा ओरडले.

"ताई, पळ!" सगळ्यांनीच गलका केला.

अंकितानं फितीकडं पाहिलं. दरीकडं पाहिलं. पाऊल पुढं टाकलं, आणि थांबली.

"मामा, मी बाहेर गेले होते. लोंबून बघते."

"आवं, मगा बघितलं की!" आप्पा वैतागले. "वारा काय तुजी वाट बघत बसणार हाय?"

"बसला नाही तर नाही," अंकिता म्हणाली आणि आडवी झाली.

ती थेट मातीत पडली. गुडघे, कोपर, हनुवटी, सगळं मातीनं तांबडं. कुणीतरी फिसकन हसलं. माया मात्र हसली नाही. ती किंचाळली, "कडी! कडी न्हाई लावली!"

मग सगळ्यांनीच पुढची दरी पाहिली.

अंकितानं मान वळवून पट्टा बघितला. कडी अडकवली, तिचा अडसर फिरवला, पुन्हा आडवी झाली. या वेळी पट्टा ताठ झाला आणि ती झुलली. मग उभी राहिली. एक लांब श्वास घेईपर्यंत ती थांबली.

"मामा?"

 मामांनी मान हलवली, तारा सोडल्या आणि ते बाजूला झाले.

अंकिता धावली. चार ढांगांत पाय जमिनीवरून सुटले. ग्लायडर दरीवर गेलं, डावीकडं वळलं आणि कड्यालगतच्या वाऱ्यानं वर चढलं. खालच्या शेतांतून त्याची सावली सरकत गेली.

मामा बघत राहिले. मग मायाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "उडायला कुणालाही शिकवता येतं गं. सगळे पळ म्हणत असताना थांबायचं, हे तिचं तिनं केलं."

शेजारी आप्पांनी कुपवाडला फोन लावला होता. दरीपलीकडं ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते सांगत होते, "उडाली रं, उडाली आपली लेक! आधी मातीत पडली, मग उडाली. हसतूस काय गड्या? तसंच करायचं आस्तंय. मी सोता बघितलं, कडी तपासल्याबिगर जाग्यावरनं हालली न्हाई!"