सासूच्या चेहऱ्याची कवयित्री

मी एक दगडी डोकं बोलतेय. खाली धड नाही, पण डोकं कवयित्रीचं, म्हणून गप्प बसवत नाही.

लेस्बोस बेटावरच्या या डोंगरी गावात याकोव्होस पाथरवटानं मला घडवलं. अडीच हजार वर्षांपूर्वीची ती कवयित्री दिसायची कशी, कुणाला ठाऊक? समोर त्याची सासू घेवडा निवडत बसली होती. तिच्याकडे बघत त्यानं छिन्नी चालवली. तेव्हापासून शाळेतली पोरं सासूबाईंपुढे प्रेमगीतं म्हणतात.

कवयित्रीच्या नावाची इथे दारू आहे, साबण आहे, प्रवासी बोटसुद्धा आहे. गाणी बहुतेक काळानं खाल्ली, तुकडे उरले. गाणी रचायची इथल्या बायकांची खोड मात्र शाबूत.

ईस्टरच्या उपासाआधीच्या कार्निव्हलात मला बैलगाडीवर ठेवतात. पुरुष बायकोचे घागरे नेसून वर चढतात, माझ्या टाळूवर हात ठेवतात आणि दोन-दोन ओळींत गावाची अब्रू काढतात. ज्याला टोला बसला त्यानं चिडायचं नाही. बोलणाऱ्याला पेला भरून द्यायचा.

गावाला पाव पुरवणारा पानागोस भटारी यात पटाईत. ओळी सगळ्या बायकोच्या, मिर्सिनीच्या, टाळ्या त्याच्या.

एकदा ती माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "यंदा मी म्हणते."

"बाईमाणसानं गाडीवर चढायचं? लोक काय म्हणतील?"

"तू माझा घागरा नेसून चढतोस तेव्हा काय म्हणतात?"

"तेव्हा हसतात."

"मग यंदा ओळी तूच कर."

त्याला काही सुचेना. कार्निव्हलात तो खालीच उभा राहिला. एवढ्यात तोंडावर रुमाल बांधलेली कुणीतरी वर चढली. हाताला पिठाचा वास. मी ओळखलं, पण दगडाला कोण विचारतो?

"पानागोसच्या भट्टीतला पाव काही फुगेना,
बायकोच्या ओळींनी छाती सदऱ्यात मावेना!"

चौक हसून लोळला. इग्नातिस न्हावी डोळे पुसत म्हणाला, "कोण रे हा? बाई अगदी हुबेहूब वठवतोय."

"चालसुद्धा आमच्या हिच्यासारखी," पानागोस म्हणाला. मग त्याचा चेहरा पिठाहून पांढरा झाला.

तिनं रुमाल सोडला. हसू थांबलं. पानागोस हातात पेला धरून तसाच उभा.

"दे की," इग्नातिस म्हणाला. "रिवाज आहे."

त्यानं दिला. तिनं एका घोटात संपवला आणि पुढच्या दोन ओळींसाठी न्हाव्याच्या टकलाकडे वळली.

आता गाडीवर बायकाही चढतात. माझ्या टाळूला कधी कांद्याचा वास, कधी साबणाचा. पानागोस घागरा नेसून खाली ताटकळतो, येईल त्याला हळूच विचारतो, "एखादी ओळ आहे का रे?"

इकडे आलात तर माझी विनंती एवढीच, त्याला देऊ नका.