बेकरीवाल्याचं तळघर

हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले, आणि तेव्हापासून टूथपेस्टची सगळ्यात लहान ट्यूब आणायला लागले. मोठी संपेपर्यंत मी कुठे असणार, हे त्यांचं म्हणणं. बुटांचे तळ झिजले तरी नवे नकोत. चष्म्याचा नंबर वाढला तरी जुन्यावर निभावतंय. हृदय आता ठणठणीत आहे, रोज चाला, जिने चढा, असं डॉक्टर सांगून सांगून दमले. बाबा त्यांच्यासमोर मान डोलवायचे आणि घरी येऊन खुर्चीत बसून राहायचे, बोलावणं यायची वाट बघत असल्यासारखे.

"मी कुठे असणार" हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी मुळातच तापट. पण खरं सांगायचं तर रागाखाली नुसती भीती होती. आई गेल्यावर माहेरचं म्हणून मला एवढं एकच माणूस उरलं होतं, आणि ते धडधाकट असताना गाशा गुंडाळायला बसलं होतं.

अशात आम्हाला मुलगी झाली. नाव चांगलं भारदस्त ठेवलंय, पण गाल बघून सगळे तिला ढब्बूच म्हणतात. माझ्या नवऱ्याच्या डोक्यात आलं की तिच्यासाठी उत्तमातली व्हिंटेज स्पार्कलिंग वाइन घेऊन ठेवायची. सहा बाटल्या. अधूनमधून एखादी आपण उघडायची, पोरगी मोठी होतेय तशी वाइन कशी होतेय ते बघायचं, आणि शेवटची तिच्या एकविसाव्या वाढदिवसाला, तिच्यासोबत.

"बाबा, निवडायला तुम्ही चला," नवरा म्हणाला. "तुमचं नाक चांगलं आहे."

"तुमचं तुम्ही बघा रे. ती उघडेपर्यंत मी कुठे..."

"निवडायला तर आहात ना? मग गाडीत बसा," मी म्हटलं.

वाइनचं दुकान अरुंद आणि गार होतं. मालकीणबाईंचे केस बारीक कापलेले, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. शाळेत शिकवतात तशा सावकाश बोलत होत्या. व्हिंटेज म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची. आणि तीही वर्ष चांगलं गेलं तरच करतात, नाहीतर वेगवेगळ्या वर्षांच्या वाइन एकत्र करून भागवतात. वायनरीत, म्हणजे वाइनच्या कारखान्यात, बाटल्या रोज थोड्या थोड्या फिरवतात, हेही सांगितलं. एवढं सांगून त्यांनी दोन बाटल्यांमधली थोडीथोडी आमच्यापुढे ओतली. पेल्याच्या तळातून बारीक बुडबुड्यांची रांग वर यायला लागली.

बाबांनी पेला नाकाशी धरला आणि तसेच थांबले.

"अहो, हा तर माझ्या भट्टीचा वास आहे!"

बाबांनी जन्मभर बेकरी चालवली. पहाटे भाजायचं, संध्याकाळच्या आत विकायचं, उरलं ते शिळं. दुसऱ्या दिवसापर्यंत टिकेल अशी वस्तू त्यांच्या हातून कधी झालीच नाही.

"यीस्टचा वास तो," बाई म्हणाल्या. "त्याच्यामुळे फेस बाटलीतच धरतो. मग ते यीस्ट मरतं, तळाशी बसतं, आणि त्याच्या संगतीत वाइन वर्षानुवर्षं पडून राहते."

"मेलेल्या यीस्टच्या संगतीत?"

"मेल्यावरच तर त्याचं खरं काम सुरू होतं!"

बाबांसमोर मरणाचा विषय काढायला आमच्या घरात बंदी होती. नवरा छताकडे बघायला लागला. आणि बाबा हसले, चांगले खांदे हलवून हसले. "आमच्याकडे यीस्ट मेलं की धंदा बसायचा," ते म्हणाले.

पहिली वाइन गोलसर होती, मधाची आठवण देणारी. मला तर तिथेच दुसरा पेला मागावासा वाटला. दुसरी इतकी आंबट की माझा एक डोळा मिटला. आता बाबा पहिलीच घ्या म्हणणार, हे मी धरूनच चालले होते. आजची वस्तू आज, हा त्यांचा हिशोब. पण त्यांनी दुसरीचा आणखी एक घोट घेतला, तोंडात घोळवला, चावल्यासारखा केला.

"पहिलं पीठ पुरतं फुगलंय," ते म्हणाले. "ते आजच भट्टीत घालावं. हे दुसरं अजून ताठ आहे, दम आहे त्यात. ठेवायचं असेल तर हे."

"ठेवायला मीही हीच दिली असती," बाई म्हणाल्या, आणि खोकं बांधायला घेतलं.

मला इतका आनंद झाला की काही विचारू नका. कित्येक महिन्यांनी बाबा पुढचं काही बोलले होते. तो आनंद गाडीच्या दारापर्यंत टिकला. "अर्थात, मी कुठे असणार म्हणा," पट्टा लावता लावता ते म्हणाले.

बाईंनी बजावून दिलं होतं. बाटल्या आडव्या ठेवा, म्हणजे बूच ओलं राहील. अंधारात ठेवा, गारव्यात ठेवा, हादरे बसू देऊ नका. आमच्या इमारतीच्या तळघरात प्रत्येक घराला अडगळीची एकेक खोली आहे. नवरा खोकं तिथे ढकलून मोकळा होणार होता, पण बाबा मध्ये पडले. एका भिंतीतून गरम पाण्याचे पाइप जातात, तिथे नको. दुसऱ्या भिंतीपलीकडे सगळ्यांची कपडे धुवायची मशिनं घुरघुरतात, तिथेही नको. शेवटी आतल्या कोपऱ्यात त्यांनी स्वतः फळी ठोकली, झरोक्याला काळं कापड लावलं आणि खिळ्याला थर्मामीटर टांगला.

तिथून त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. धापा टाकत वर यायचे आणि चहाच्या टेबलावर जाहीर करायचे, "बारा डिग्री. उत्तम." एखाद्या दिवशी तेरा निघाली की नवऱ्याला जाब विचारला जायचा, तळघराचं दार उघडं टाकलं का म्हणून. पुढच्या तपासणीत बाबांची तब्येत बघून डॉक्टर खूश. त्यांना वाटलं, त्यांच्या गोळ्यांचा गुण. मीही त्यांचा आनंद कशाला घालवू?

असे काही महिने गेले. एके दिवशी मी बाबागाडी काढायला तळघरात उतरले, तर आतून बाबांचा आवाज. "चला, आता तुमची पाळी," असं ते कुणाला तरी म्हणत होते. डोकावून बघते तर एकेक बाटली मानेला धरून थोडीथोडी फिरवताहेत.

"बाबा, हे काय चाललंय?"

"रोजचंच. वायनरीत रोज थोड्या थोड्या फिरवतात, बाई म्हणाल्या होत्या ना? आणि भट्टीतला ट्रेसुद्धा फिरवावाच लागतो. नाहीतर एका बाजूने करपतो."

मी तिथूनच बाईंना फोन लावला, स्पीकरवर टाकून.

"रोज?" बाई किंचाळल्या. "अहो, ते मेलेल्या यीस्टचा गाळ मानेशी आणून काढून टाकण्यासाठी! तुमच्या बाटल्यांतला गाळ केव्हाच काढलाय. आता झोपू द्या की त्यांना!"

"बिघडल्या असतील का?" बाबांनी विचारलं. आवाज एवढासा झाला होता.

"बहुतेक नसतील. पण उघडल्याशिवाय कसं सांगणार?"

दुसऱ्या दिवशी बाबा तळघरात गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. परत ती खुर्ची. मी समोर जाऊन उभी राहिले.

"म्हणून म्हणत होतो, माझ्यावर काही सोपवू नका," ते म्हणाले. "तसंही मी कुठे..."

"ते वाक्य पुरं केलंत तर याद राखा!"

मी तरातरा खाली गेले, एक बाटली उचलली आणि फ्रिजमध्ये ठेवली. दुपारी सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. नवरा चाचरत म्हणाला, "अगं, इतक्यात?" मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग तो पेले पुसायला लागला.

बुचावरची तार मी सोडवली, पण बाटलीचं तोंड दिव्याकडे होतं. बाबांना ते बघवेना. "दे इकडे. घर जाळशील." त्यांनी बूच घट्ट धरलं, बाटली हळूच फिरवली, आणि उसासा टाकावा एवढाच आवाज झाला. पेल्यांत ओतली. बुडबुडे सरळ वर येत होते. बाबांनी घोट घेतला, डोळे मिटले.

"आंबट आहे," ते म्हणाले.

"म्हणजे गेली?"

"गेली काय! होती तेवढीच आंबट आहे. आणि मागून तोच पाव." त्यांनी डोळे उघडले. "जशीच्या तशी आहे गं!"

मी रडायला लागले. हसतही होते, त्यामुळे वाइन नाकात गेली. नवऱ्याने ढब्बूला उचलून खोलीभर नाचवलं. आजोबांच्या पेल्याशी तिचं नाक नेलं तर बुडबुडे उडून ती सणसणीत शिंकली, आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. बाबांनी आपणहून दुसरा पेला भरून घेतला. मग बाटली फिरवून लेबल वाचत बसले.

"ही आपल्या ढब्बूपेक्षा वयाने बरीच मोठी आहे," ते म्हणाले. "पोरीच्या बरोबरीची एक तरी हवी."

सकाळी आम्ही दुकानात. ढब्बू माझ्या कडेवर, बाबा काउंटरला टेकून.

"यंदाची द्या. नातीच्या जन्मसालची."

बाई मनापासून हसल्या. "यंदाची? तिची द्राक्षं आत्ता कुठे रस होऊन पिंपात पडलीत! मग बाटलीत जाणार, मग यीस्टची संगत. दुकानात यायला आठ वर्षं लागतील, आजोबा. आठ वर्षांनी या."

बोलून गेल्यावर त्यांनाच कसंतरी झालं असावं. त्या गळ्यातल्या चष्म्याशी चाळा करायला लागल्या. मला ते वाक्य बाबांच्या ओठांवर येताना दिसत होतं. आज ते बोलले तर भर दुकानात भांडायचं, असं ठरवून मी ढब्बूला छातीशी आवळून धरलं.

बाबांनी डोकं खाजवलं. बाहेरच्या दाराकडे एकदा बघून घेतलं.

"आठ वर्षांनी. बरं," ते म्हणाले. "सकाळी किती वाजता उघडता?"